हरकत क्रमांक एकशे चौदा

"आम्ही घोड्यावरून तटावर उडी मारणारा माणूस मागितला होता, यांनी पेन्शन आणायला निघालेला दिला," असं एकाने लिहिलं होतं. खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. मी चष्मा पुसून ते वाक्य पुन्हा वाचलं आणि मनातल्या मनात कबूल केलं, की माझं इतकं नेमकं वर्णन आजवर कुणी केलं नव्हतं.

कारण तो पेन्शन आणायला निघालेला माणूस मीच आहे. नीट सांगतो.

माझी मुलगी खराडीत एका कंपनीत व्हिडिओ गेम बनवते. म्हणजे गेममधली माणसं कशी चालतील, कशी वळतील, बसताना हात कुठे टेकतील, हे ती ठरवते. चार वर्षांपूर्वी त्यांचा एक गेम आला. डोंगरी किल्ल्यावरचा तरुण शिलेदार, शत्रूच्या चौक्या चुकवत निरोप पोचवणारा. पोरांनी तो डोक्यावर घेतला. मुलगी तेव्हा नवखी होती, तिच्या वाट्याला त्या गेममधली एक शेळी आली होती. ती शेळी मी घरी येणाऱ्या प्रत्येकाला दाखवली. कान कशी हलवते बघा, असं म्हणून चहा निवेपर्यंत थांबवून दाखवली. आमचे एक मेहुणे नंतर चार महिने आले नाहीत.

दुसऱ्या भागात मात्र अख्खा नायक तिच्याकडे सोपवला गेला. गोष्टीत तीस वर्षं उलटलेली, शिलेदार म्हातारा झालेला, उजवा गुडघा कामातून गेलेला. शेवटचा एक निरोप आणायला त्याला गड चढायचा आहे आणि तो घेऊन पायी खाली उतरायचं आहे, एवढाच खेळ. गेम यायला अजून काही महिने होते. नुसती दीड मिनिटाची झलक बाहेर पडली आणि जुने चाहते खवळले.

ती झलक आम्ही नवरा-बायकोने नारायण पेठेतल्या आमच्या घरी, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून पाहिली. म्हातारा शिलेदार पायऱ्या चढत होता. चांगला पाय वर, मग दुखरा मागून ओढून घेतलेला. दहा-बारा पायऱ्या झाल्या की तो थांबायचा, कमरेवर हात ठेवायचा आणि दरीकडे बघत राहायचा.

"अहो, हे तुम्ही," बायको म्हणाली.

मीच होतो. दम लागल्याचं कुणाला कळू नये म्हणून मी नेहमी देखावा बघत थांबतो. आमच्या जिन्यात देखावा नाही, तिथे मी समोरच्यांच्या कुंड्या बघतो. ही युक्ती फक्त मला ठाऊक आहे अशी माझी समजूत होती. मागच्या हिवाळ्यात मुलगी मला पर्वतीवर घेऊन गेली होती आणि चढताना फोनवर माझं चित्रण करत होती. कशाला विचारलं तर "कामासाठी, बाबा, तू चाल नेहमीसारखा," म्हणाली. त्यातून तिने हे काढलं होतं. मला भरून आलं. आपल्या लेकीने आपल्याला एवढं निरखून पाहावं आणि त्यातून एक शिलेदार उभा करावा, याचा अभिमान वाटला. तो लपवण्याचं मला काही कारण दिसत नाही.

पण लोकांना तो नको होता. "आमच्या नायकाचा आजोबा केलात." "पहिल्या भागाची माती केली." "हा दुसऱ्या भागात रांगेत उभा राहून औषधं आणणार का?" दिवसभर नवीन येतच होतं. बायको म्हणाली, वाचू नका. पण माझी सगळी नोकरी असलं वाचण्यात गेली आहे.

मी नकाशे काढणारा माणूस. शहराचा नवा आराखडा झाला की तो जाहीर करायचा आणि लोकांकडून हरकती-सूचना मागवायच्या, ही आमच्या कामाची रीत. लोक गठ्ठ्यांनी हरकती आणून द्यायचे. आमच्या पेठांतली मंडळी तर रस्ता तीन फूट सरकवा एवढं सांगायला चार पानं लिहायची, आणि त्यातली साडेतीन पानं आमच्या अकलेवर असायची. आमचे पहिले साहेब म्हणायचे, अपमान वगळा आणि खाली हरकत उरते का ते बघा. उरली तर ती नोंदवहीत जायची: क्रमांक, हरकतीचं स्वरूप, निर्णय. पुढे नकाशा दुरुस्त झाला की त्याच्या कोपऱ्यातल्या चौकटीत तीन सह्या पडायच्या. काढणार, तपासणार, मंजूर करणार.

तेव्हा मी दोनशे पानी वही आणली, रकाने आखले आणि मुलीच्या शिलेदारावरच्या हरकती नोंदवायला बसलो. पहिल्या पन्नासांत एकही हरकत निघाली नाही. नुसता अपमान होता, आणि तोही बेताचा. आमच्या पेठेत याहून बरा करतात.

रविवारी मुलगी जेवायला आली. पानावर लिंबू पिळता पिळता म्हणाली, "पुढच्या सोमवारी मीटिंग आहे. म्हाताऱ्याला फक्त पहिल्या सीनमध्ये ठेवायचं आणि पुढे त्याचा तरुण मुलगा आणायचा, असं चाललंय."

"आणि तुझं काम?"

"जाईल. दीड वर्षाचं."

इतक्या साध्या आवाजात म्हणाली की मी हातातला घास पानात ठेवला. मी म्हटलं, मी देतो त्या सगळ्यांना उत्तर.

"बाबा, एक अक्षर लिहायचं नाहीस. आम्हाला बाहेर काही बोलायची परवानगी नाही."

"त्यांना लिहू दे की," बायको म्हणाली, "संपादकांना लिहितात तसं. खाली पूर्ण नाव आणि पत्ता घालून. म्हणजे लोकांना घरी येऊन बोलता येईल."

मुलगी हसली. मी नाही हसलो. जाताना तिने माझी वही चाळली, रकान्यांवरून बोट फिरवलं.

मंगळवारी दुपारी एकशे चौदावी सापडली. लिहिणाऱ्याने टोपणनाव घेतलं होतं. शिवी एकही नव्हती. "माझ्या आईचा गुडघा असाच आहे. उतरताना ती आधी दुखरा पाय खाली टाकते, मग चांगला. चढताना उलट. हा माणूस चढतो बरोबर, पण उतरताना चांगला पाय आधी टाकतो. असा उतरला तर दुसऱ्या पायरीला कोसळेल. म्हातारा दाखवायला आमची हरकत नाही, पण यांनी गुडघा दुखणारं माणूस कधी नीट बघितलेलंच नाही."

मी झलक पुन्हा लावली. शेवटी तो चार पायऱ्या उतरतो. चांगला पाय आधी. खरंच होतं.

मग मी आमच्या जिन्यात गेलो, कुणी नाही असं बघून एक पायरी उतरलो, आणि माझा दुखरा पाय आपोआप पुढे गेला. तसाच जातो, तीन वर्षं. पण मुलीला ते कुठून माहीत असणार? त्या दिवशी पर्वतीवर चढून झाल्यावर मी तिला म्हटलं होतं, तू हो पुढे, मी जरा बसतो. ती खाली गाडीपाशी पोचेपर्यंत मी वर बसून राहिलो आणि मग कठडा धरून, तिरका, एकेक पायरी करत उतरलो. चढताना माणूस दमलेला दिसतो, त्यात काही बिघडत नाही. उतरताना तो घाबरलेला दिसतो. ते मी कुणालाच दाखवत नव्हतो. घरातूनसुद्धा बायकोच्या दहा मिनिटं आधी निघायचो. मुलीने बघितलं नव्हतं असं नाही, मी बघू दिलं नव्हतं. आता त्या चार पायऱ्यांवरून तिच्या कामाला कुणी बेफिकीर म्हणत होतं, आणि चूक माझ्या ताठ्याची होती.

मी तिथूनच तिला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे उतरणं मी मनाने केलं," ती म्हणाली.

"हो. आणि मी तुला तसं करायला लावलं."

"मग आता उतरशील?"

गुरुवारी सकाळी सातला पर्वतीच्या पायथ्याशी ती उभी होती, बरोबर तिच्या ऑफिसातली दोघं. मला वाटलं होतं ती एकटी येईल. दोघांनी वाकून नमस्कार केला, त्यामुळे परत फिरायची सोय राहिली नाही. चढायला वेळ लागला. या वेळी मी देखावा बघायला थांबलो तेव्हा उगाच वाटलं, की हा आता माझ्या एकट्याचा राहिलेला नाही.

मग उतरलो. मुलगी माझ्यापुढे चार पायऱ्या खाली, उलटी चालत, फोन धरून. दोघं बाजूने. फिरायला आलेली माणसं थांबून बघत होती. एक आजोबा म्हणाले, "सिनेमा का?" मी म्हटलं, "नाही, हरकतीची सुनावणी." मी कठडा धरला, अंग तिरकं केलं आणि दुखरा पाय खाली टाकला. मध्येच पाय लटपटला तेव्हा मी हात पसरून उभा राहिलो आणि तोंडातून "आई गं" निघालं. मुलीने हात पुढे केला नाही. तिचा चेहरा फोनच्या मागून पांढरा पडलेला दिसला, पण फोन हलला नाही. अर्ध्या वाटेत मी ठरवलं, की एवढी स्थिर राहणारी मुलगी आपली आहे, तर आपणही कुठे न बसता खाली पोचायचं. पोचलो. खाली आल्यावर तिने फोन खिशात टाकला आणि मग माझा हात धरला, गाडीपर्यंत सोडला नाही.

पुढचे तीन दिवस ती आणि ती दोघं ऑफिसातच होती. सोमवारी मीटिंग झाली. चार वाजता फोन आला. "म्हातारा राहिला. शेवटपर्यंत." मीटिंगमध्ये तिने काही भाषण केलं नव्हतं. त्याचं उतरणं लावलं, पूर्ण, आणि सगळे संपेपर्यंत बघत बसले. मी विचारलं, कुणी काही म्हणालं का? म्हणाली, "आमचे मोठे साहेब म्हणाले, आता याला पोचवल्याशिवाय गेम बंद करता येणार नाही."

त्या आठवड्यात अर्ध्या मिनिटाची नवी झलक आली. फक्त उतरणं. शिव्या आल्याच, त्यांना काय होतंय. पण एकशे चौदावाल्याने पुन्हा लिहिलं होतं: "आता बरोबर आहे. हे आईला दाखवलं. ती म्हणाली, याला कोणीतरी जवळचं बघत होतं."

मला उत्तर लिहायची परवानगी नव्हती. मी वही काढली. क्रमांक एकशे चौदा, निर्णय: हरकत मान्य, दुरुस्ती केली. सवयीने खाली चौकट आखली. काढणारपुढे मुलीचं नाव लिहिलं. तपासणारपुढे त्या अनोळखी माणसाचं टोपणनाव. मंजूर करणार कोरं ठेवलं, गेम आल्यावर काय ते लोक ठरवतील. माझ्यासाठी जागा उरली नव्हती. आयुष्यभर नकाशे काढले, या खेपेला मी नकाशात होतो.

बायकोला वही वाचून दाखवली. पर्वतीची हकीकत, लटपटलेला पाय, दहा मिनिटं आधी निघणं, सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं.

"तीन वर्षं दार लोटल्यासारखं करते आणि फटीतून बघते मी," ती म्हणाली. "तुम्ही खालच्या दाराशी पोचलात की मग कडी लावते."

तिने भाजीची पिशवी घेतली, चपला घातल्या आणि जिन्यात येऊन उभी राहिली. मी कठडा धरला आणि तिच्यासमोर दुखरा पाय आधी टाकला.