अडसराचं दुसरं टोक

गेणबा आबांना उंचगढीचा राखणदार नेमलं कुणी, हे कुणालाच ठाऊक नाही. केंदूरच्या पुढं टेकाडावर आमचं गाव. भोवती तट, पुढं दगडी वेस. मागचा तट माझ्या जन्माआधीच ढासळला आणि तिथून आता डांबरी रस्ता थेट चावडीपाशी येतो. दूधवाला, एसटी, कंपनीची बस, सगळी तिकडूनच. तरी आबा रोज दिवेलागणीला पुढच्या वेशीचं दार लावणार आणि आतून बाभळीचा अडसर घालणार. तो वासा असा जड, की एकट्याच्यानं हलत नाही. मग जो सापडेल त्याला हाक. माझी निम्मी जवानी त्या अडसराचं दुसरं टोक धरण्यात गेली.

आबांचं घराणं मेंढरांमागं हिंडणारं. गुडघे बोलायला लागले तशी आबांनी मेंढरं विकली आणि तेव्हापासून ते नुसता गावचा इतिहास हाकतात. तो ऐकल्याशिवाय आमच्या गावात लग्न लागत नाही. वऱ्हाडानं वेशीबाहेर थांबायचं, आबांनी वेशीवर चढून गावावरच्या पाच स्वाऱ्या सांगायच्या, मग नवरदेवानं म्हणायचं, "जिंकाया न्हाई, मागाया आलोय." की गूळ-पाणी देऊन आम्ही दार उघडतो. चहा निवेपर्यंत सगळं उरकतं.

ह्या वैशाखात आबांच्या नातीचं, हर्षदाचं लग्न निघालं. तिचा बाप हनुमंत कंपनीत पाळीवर, आई रानात. पोरगी वाढली ती आबांच्या मागं मागं. हाताला जोर आला तशी अडसराचं दुसरं टोक तीच धरायला लागली आणि मी सुटलो. नवरदेव यवतचा शंभू, हायवेला स्पेअर पार्टचं दुकान. पोरगा गुणी. स्वयंपाक माझ्याकडं होता. वऱ्हाड वेशीशी आलं तसा मी भात टाकला. चुकलंच माझं.

आबांनी मांडवातला माइक वर नेला आणि सुरू झाले.

पहिले आले नगरचे निजामशाहीवाले. वेढा घालून बसले, पण दार काही हलेना. इकडं गावात एका सुनेला पंचमीला माहेरी जायचं होतं आणि सासरा सोडत नव्हता. तिनं पहाटे अडसर काढला, तर पुढ्यात अख्खी फौज. लहानपणी मी आबांना विचारलं होतं, अडसर जर दोघांशिवाय निघत नाही, तर सुनेबरोबर दुसरं टोक धरलं कुणी? आबांनी मला मेंढरं वळायला पिटाळलं होतं.

दुसरे विजापूरकर. पाटलाची म्हैस बाहेर राहिली होती, तिला आत घ्यायला दार उघडलं, तर म्हशीमागनं घोडी शिरली. तिसऱ्या बारीला मोगल. विहीर टेकाडाखाली, बायका म्हणाल्या, आधी पाणी आणतो, मग तुम्ही लढा. चौथे मराठे. खालून कुणीतरी हाक मारली, "मामा, मी भाचा हाय तुमचा," की मामांनी दार उघडलं. आणि इंग्रज आला तेव्हा दार लावायचं कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही.

"ह्या दाराला भाईरनं कुनी जिंकलं न्हाई," आबा दरवेळी इथं छाती काढतात. "दर टायमाला अडसर आतनंच निघाला."

झालं. शंभूनं मुकाट्यानं म्हटलं, जिंकाया न्हाई, मागाया आलोय. मी पातेलं उतरवलं. तर आबांनी सहावी स्वारी काढली, पेंढाऱ्यांची. ती आजवर कुणी ऐकली नव्हती. सातवी टोळांची. आठवी बहात्तरच्या दुष्काळाची. आता दुष्काळ काय घोड्यावरून आला होता व्हय? भात पातेल्यात चिकटायला लागला, गुरुजी घड्याळ बघायला लागले, बॅन्डवाले उन्हात सावली शोधायला लागले. नवरदेवाच्या मामांनी मोबाइलवर मागचा डांबरी रस्ता शोधून काढला आणि गाड्या वळवा म्हणाले. शंभू जागचा हलला नाही. मागनं येणार नाही, म्हणाला, आबा म्हणतील तेव्हा समोरनंच येईन.

माझं मात्र डोकं फिरलं. म्हातारा आता करोनाची स्वारी सांगणार, हे मला दिसत होतं. चार शब्द सुनवायचेच म्हणून मी तणतणत वर चढलो. आबांनी माइकवर हात धरला.

"सावळाराम," म्हणाले, "उद्याच्याला दुसरं टोक धराया कोन येनार रं?"

मी येतो की, म्हणालो. पण मी येऊन त्यांचं काय भागणार होतं?

तेवढ्यात खाली हर्षदा आली. मुंडावळ्या बांधलेली, हळदीच्या हातांनी शालू सावरत. मागं बाया ओरडत होत्या, नवरीनं असं बाहेर यायचं नसतं. तिनं कुणाकडं बघितलं नाही. दाराशी गेली आणि अडसराचं आपलं नेहमीचं टोक धरून उभी राहिली.

"आबा, खाली या," ती म्हणाली. "मला एकटीला न्हाई निघत."

आबांनी वरनं तिच्याकडं बघितलं. मग माइक माझ्या हातात देऊन एकेक पायरी उतरले, धोतर खोचलं आणि दुसरं टोक धरलं. माझ्या लहानपणीच्या प्रश्नाला इतक्या वर्षांनी उत्तर मिळालं. त्या सुनेबरोबर अडसर उचलला तो सासऱ्यानंच.

दार करकरलं. शंभू पाया पडायला वाकला, तर आबांनी त्याला मधेच धरलं.

"पंचमीला हिला घिऊन या," ते म्हणाले. "दार मी लावनारच न्हाई."