बदलीवरचा विंगर

सुरतेच्या त्या कॉलेजात मी तीन वर्षं हंगामी क्रीडाशिक्षक होतो. नव्वदीचं दशक अर्धं उलटलं होतं. बायको भुसावळला माहेरी; जावई नोकरीत पक्का झाल्याशिवाय पोरगी पाठवणार नाही, हा सासऱ्यांचा हट्ट. एक दिवस प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आपली फुटबॉलची टीम उतरवा. जिंकायची सक्ती नाही. ओळखपत्रवाले अकरा जण पूर्ण वेळ मैदानावर दिसले की तुमची फाईल पुढे सरकवतो. मी भुसावळच्या रेल्वे मैदानावर वाढलेला. म्हटलं, एवढंच ना!

एवढंच कसलं, डोंबल. नोटीस लावली तर दोघं आले. एकाला ती एनसीसीची वाटली होती. दुसरा कापड व्यापाऱ्याचा मुलगा, त्याने शांतपणे विचारलं, "सर, एमां फायदो शुं?" मला फायदा सांगता येईना. मग मी सरळ थापा मारायला लागलो. सरावाची हजेरी वर्गात धरतात, ही पहिली. सामना बघायला मुलींचं अख्खं कॉलेज येणार आहे, ही दुसरी. सरावानंतर गरम लोचोची प्लेट मिळेल, हे मात्र खरं होतं आणि ते माझ्याच खिशातून जायचं.

लोचोवर सहा जण जमले. उरलेले पाच मी डिंडोलीत घरोघर फिरून आणले. तिथे आमची खानदेशी माणसं. पोरं सकाळी कॉलेजात आणि बाकीचा वेळ पॉवरलूमवर. आयांनी चहा पाजला आणि विचारलं, पाय मोडला तर मशीनवर कोण उभं राहील? मी छातीवर हात ठेवून सांगितलं की फुटबॉलमध्ये पाय मोडत नाहीत. तेव्हा माझा स्वतःचा डावा गुडघा पट्टीत बांधलेला होता, पण पँटमुळे दिसत नव्हता.

त्या पाचांतला एक डावा विंगर. काय पोरगं होतं! चेंडू घेऊन निघालं की सगळे नुसते बघत राहायचे, त्यात माझी टीमही आली. त्याला मी काय शिकवणार? बाकीच्यांना ऑफसाइड समजावता समजावता माझा घसा बसला, आणि गोलकीपर चेंडू आला की डोळे मिटायचा. दुसऱ्या एका कॉलेजचे कोच, फार गोड बोलणारे गृहस्थ, दोनदा आमच्या सरावाला येऊन विंगरशी कुजबुजून गेले. नवे बूट देतो, फी माफ करतो. पोराने दोन्ही वेळा मान हलवून नाही म्हटलं. मला माझ्या कोचिंगचा इतका अभिमान वाटला की त्या दिवशी त्याला लोचोच्या दोन प्लेटी दिल्या.

सामन्याच्या दिवशी, खेळ सुरू व्हायच्या दीड तास आधी, मी आयोजकांच्या टेबलावर द्यायला ओळखपत्रं गोळा करत होतो. विंगरचं कार्ड पाहिलं. फोटोतलं नाक याचं नव्हे. विचारलं तर तो अगदी निर्मळ चेहऱ्याने म्हणाला, "हाई भाऊनं कार्ड शे, सर. मी त्यानी बदलीमा येस."

लूमच्या कारखान्यात रीतच तशी. एक जण आला नाही की त्याच्या जागी भाऊ, चुलतभाऊ, शेजारी, कोणीही उभा राहतो. शेठला मतलब मशीन चालू असण्याशी. कॉलेजात नाव थोरल्याचं होतं. मी घरी गेलो तेव्हा तो कामावर होता, होकार आईने दिला होता. पाळी बुडवता येईना म्हणून त्याने पहिल्या दिवसापासून दहावी नापास धाकट्याला पाठवलं, आणि मी हजेरी घेणार आडनावाने! दोन महिने हे पोरगं कुठल्याच कॉलेजात नव्हतं. फसवतोय असं त्याच्या मनातही नव्हतं. उलट एकही खाडा केला नाही म्हणून शाबासकीची वाट बघत उभं.

मी भडकलो. तोंडाला येईल ते बोललो. बारावा खेळाडू नव्हताच. कर्णधार हळूच म्हणाला, फोटो धूसर आहे, चालून जाईल. खरं सांगतो, माझी तयारी होती. पण टेबलाशेजारी ते गोड कोच उभे होते. ज्याची फी माफ करायला निघाले होते, त्याचं नाव कुठल्याच कॉलेजात नाही हे त्यांनी केव्हाच शोधून काढलं असणार. ते माझ्याकडे बघून हसले, आणि मला प्रामाणिकपणा सुचला.

पोराला लूनावर मागे बसवून भावाचा बमरोलीचा कारखाना गाठला. लूमच्या खडखडाटात स्वतःचा आवाज स्वतःला येत नाही. मी हातवाऱ्यांनी सांगितलं, चल, भाऊ, लवकर. थोरल्याला वाटलं घरी कुणी तरी गेलं. तो रडायलाच लागला. धाकट्याने जर्सी काढून त्याच्या डोक्यातून घातली, बूट दिले, त्याचा बनियन अंगात चढवला आणि मशीनींसमोर उभा राहिला. आम्ही निघताना त्याने माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे पाहिलं.

थोरला पूर्ण वेळ रेषेजवळून पुढे-मागे चालत राहिला, मशीनींच्या रांगेत चालतात तसा. चेंडू एकदा त्याच्याकडे आला, तो त्याने हाताने पकडला आणि अदबीने पंचांना नेऊन दिला. आम्ही सहा-शून्य हरलो. पण अकरा जण, पूर्ण वेळ. प्राचार्यांनी टीमचा फोटो काढून घेतला, फाईल सरकली, मी पक्का झालो.

चार महिन्यांनी बायको आली. पत्रांतून मी त्या विंगरचं इतकं कौतुक लिहिलं होतं की भिंतीवरच्या फोटोत तिने आधी त्यालाच शोधलं. मी म्हटलं, यात नाही तो. मग सगळा किस्सा रंगवून सांगितला, लूना, रडणं, हाताने पकडलेला चेंडू. मला वाटलं, हसून लोळेल. ती फोटोकडेच बघत होती.

"नंतर त्याला खेळायला बोलावलंत का?" तिने विचारलं.

बोलावलं नव्हतं. माझं काम झालं होतं. त्या चार महिन्यांत मी बमरोलीला एकदाही गेलो नव्हतो, आणि हे तिला सांगताना माझी मलाच इतकी लाज वाटली की चहा तसाच ठेवून मी उठलो.