गुड फ्रायडेचं सुतक

सरकारच्या सुट्ट्यांच्या यादीत आमचे दोन दिवस असतात, नाताळ आणि गुड फ्रायडे. नाताळचं ठीक आहे. पण गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी शाळेत कुणी ना कुणी हसतमुखानं शुभेच्छा देतंच. सुट्टी आहे म्हणजे सण, आणि सण म्हणजे गोडधोड. बोरीच्या शाळेत शिक्षकांत ख्रिस्ती मी एकटीच. दरवर्षी कोण समजावत बसणार, म्हणून थँक्यू म्हणून मोकळी व्हायचे. वडिलांना मात्र त्या शुभेच्छांचा भारी राग यायचा.

सेलूच्या आमच्या छोट्या चर्चमध्ये त्या दिवशी बारा ते तीन उपासना असते. येशूनं क्रुसावर मरताना उच्चारलेल्या सात वचनांवर सात जण बोलतात. पाचवं, तहानेचं वचन, वर्षानुवर्षं वडिलांकडे होतं. उन्हाचा कितीही कडाका असो, तीनपर्यंत ते पाण्याला शिवत नसत. गेल्या हिवाळ्यात ते वारले. त्यांच्या जागी मी उभं राहावं, एवढंच आईनं माझ्याकडे मागितलं. आणि नेमकं त्याच शुक्रवारी निवडणुकीचं प्रशिक्षण लागलं. निवडणुकीपुढे सुट्टीची यादी काय टिकणार?

मी मुख्याध्यापकांकडे गेले. माणूस भला, पण उतावळा.

"मॅडम, सण संध्याकाळी करा की. आमी तर दिवाळीतबी ड्यूट्या केल्यात."

माझं डोकंच फिरलं. "सण नाही तो, सर. त्या दिवशी आमच्या घरातलं माणूस गेलेलं असतं."

त्यांनी हळूच विचारलं, "किती वाजता गेले?"

"दुपारी तीनला."

"मंग हे आधी सांगायचं न्हाई का?" त्यांनी लगेच तहसीलला फोन लावला. "आमच्या मॅडमच्या घरी सुतक हाय. त्यांना दुसऱ्या दिवशीच्या बॅचला घ्या." मी समोरच बसले होते. त्यांना दुरुस्त करावंसं मला वाटलं नाही.

शुक्रवारी मी वडिलांच्या जागी उभी राहिले. तहानेच्या वचनावर बोलले.

आम्ही मायलेकी घरी आलो तर दारात मुख्याध्यापक आणि त्यांच्या पत्नी. फडक्यात बांधून पिठलं-भाकरी आणलेली, वर कडुलिंबाचा पाला. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारपाजारचे नेतात तो कडू घास. त्या दिवशी आमच्याकडे आजवर पेढेच आले होते.

आईनं पाला चावला, भाकरी मोडली. निघताना सर दबक्या आवाजात म्हणाले, "मावशी, तिसरा दिवस रविवारीच ना? येतो आमी."

"या," आई म्हणाली. "पण त्या दिवशी आमच्यात गोड असतंय."

ते गोंधळले. "तिसऱ्याला गोड?"

"हो. गेलेलं माणूस त्या दिवशी परत येतंय," ती म्हणाली, आणि वडील गेल्यापासून पहिल्यांदाच माझ्यादेखत रडली.