रेडियमचे दुकान आणि माझा उजवा हात

मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, सोमवार, सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटे. त्या वेळी घाटंजीतल्या माझ्या दुकानात नव्या यंत्राने पहिल्या गिऱ्हाइकाचे अक्षर कापले. कापताना ते फार आवाज करत नाही. वाळक्या पानावरून अळी सरकावी, तेवढाच. चाळीस वर्षे मी ऑइलपेंट, जवसाचे तेल आणि रॉकेल यांच्या दर्पात बोर्ड रंगवले. त्याच खोलीत हे निर्गंध अक्षर प्लास्टिकच्या पातळ ताग्यातून निमूटपणे बाहेर आले, तेव्हा हेमंताचे कोवळे ऊन उंबरठा ओलांडून आत आले होते आणि रस्त्यावरून जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांतून सुटलेले तंतू त्या उन्हात दिशाहीन तरंगत होते.

वाहनांवर चिकटवायच्या या अक्षरांना आमच्याकडे रेडियम म्हणतात. उतारवयात हा उद्योग कशासाठी, असे पुष्कळांनी विचारले. काळ बदलला, असे मी सांगत असे. उत्तर खोटे नव्हते, अपुरे होते. गेल्या पावसाळ्यापासून माझ्या उजव्या हाताला कंप सुटला होता. कुंचला टेकवला की रेषेच्या कडा विस्कटत. हे मी कोणासही सांगितले नव्हते, घरातही नाही. यंत्राची रेषा थरथरत नाही. तिच्या आड पेंटर म्हणून मिळवलेले नाव आणखी काही वर्षे शाबूत राहील, एवढीच माझी अपेक्षा होती.

पहिले काम बंजारा तांड्यावरच्या कमळाबाईंचे. त्यांच्या पूर्वजांनी बैलांच्या पाठीवरून मीठ आणि धान्य वाहिले, मधल्या पिढ्या शेतीत स्थिरावल्या, आणि आता मुलगा विनोद याने मालवाहू टेम्पो घेतला. टेम्पोच्या कपाळपट्टीवर, काचेच्या वरच्या पत्र्यावर, त्यांना 'याडी' असे नाव हवे होते. त्यांच्या गोरबोलीत याडी म्हणजे आई. नाव लागल्यावाचून गाडी पहिल्या खेपेला काढायची नाही, असा त्या घरचा दंडक. मी पत्रा पुसला, अक्षरे बसवली, रबरी पट्टीने दाबली. कमळाबाईंनी त्यांवर हळदकुंकू लावले. मग आईला शेजारी बसवून विनोदने टेम्पो मुकुटबनच्या वाटेला लावला.

दुपार मोठ्या समाधानात गेली. तूर फुलोऱ्यावर आली की इकडच्या दुपारींना एक पिवळसर छटा येते, आणि त्या उजेडात दूरची वस्तूही जवळची वाटते. मला माझे जुने बोर्ड आठवत राहिले. उन्हाने विटलेले, पावसाने फुगलेले, तरीही वाचता येणारे. अक्षर लिहिणारा मागे सरतो आणि अक्षर उन्हात उभे राहते, यात मला नेहमीच एक न्याय वाटत आला आहे.

चारच्या सुमारास टेम्पो परतला. पत्र्यावर पहिले अक्षर होते, दुसरे नव्हते.

"काकाजी," विनोद उतरता उतरता म्हणाला, "याडी अर्ध्या रस्त्यातच उतरली नं! तिकीटही नाई काढलं तिनं."

कमळाबाई हसल्या नाहीत. "गप रे. पहिल्याच खेपेले नाव उडालं. हे बरं नाई झालं."

"मालच खराब आला असंन," मुलगा माझ्याकडे वळून म्हणाला. "त्याले तुम्ही तरी काय करसान?"

त्याने मला सुटकेची वाट सौजन्याने उघडून दिली होती. मी स्टुलावर चढून पत्र्याला नाक लावले. रॉकेल. चाळीस वर्षे रंगवण्याआधी मी प्रत्येक पत्रा रॉकेलच्या बोळ्याने पुसत आलो. रंगाला ते मानवते. चिकटणाऱ्या अक्षराला तेलाचा पुसटसा थरही सोसत नाही. सकाळी हाताने आपल्या सवयीने बोळा उचलला आणि मी पाहिलेसुद्धा नाही. थरथरणारा हात माझे ऐकत नाही, हे मला ठाऊक होते. स्थिर असतानाही तो माझे ऐकत नसे, हे त्या स्टुलावर कळले.

"माल चांगला हाये," मी म्हणालो. "चूक माही हाये. रॉकेलनं पुसलं मी."

"मंग मशीन कायले पाह्यजे, भाऊ?" कमळाबाई म्हणाल्या. "तुमच्या हातानं लिवा. आमच्या चक्कीचा बोर्ड तुम्हीच लिवलता. पत्रा सडला, अक्षर नाई गेलं."

रंग वाळायला वेळ लागेल, हे कारण जिभेवर तयार होते. ते खरेही होते. मी खाली उतरलो आणि उजवा हात त्यांच्यापुढे धरला. त्यांनी त्याचा कंप पाहिला. विनोदने नजर वळवली.

"कधीपासून?"

"पावसाळ्यापासून."

"घरी बाईले सांगतलं?"

"नाई."

"काहून?"

मी हात मागे घेतला.

"मंग मशीनच चालवा," त्या म्हणाल्या. "पण पुसाले मी राह्यते. तुमचा भरोसा नाई."

त्यांनी साबणाच्या पाण्याने पत्रा दोनदा धुतला, पदराने कोरडा केला. उरलेले अक्षर काढून टाकून मी संपूर्ण नाव नव्याने कापले. ते बसवताना माझा हात हलला तेव्हा त्यांनी आपला तळवा त्यावर ठेवला आणि अक्षरांसह दाबून धरला. टेम्पो तांड्याकडे गेला. नाव वळणापर्यंत दिसत होते, पुढचे ठाऊक नाही. हे दुकान चालेल की नाही, तेही ठाऊक नाही. मात्र जी गोष्ट लपवण्यासाठी मी ते उघडले, ती आता तांडाभर होणार होती, आणि त्याची भीती मला वाटली होती तेवढी वाटत नव्हती. तिच्या जागी दुसरेच काही होते, ज्याला मी अद्याप नाव दिलेले नाही.

महागावकडच्या एका शाळेची भिंत हाताने रंगवून देण्याचे मी मागच्या आठवड्यात कबूल केले होते. दिवेलागणीपूर्वी मुख्याध्यापकांना फोन लावून दुसरा पेंटर पाहण्यास सांगितले. त्यांनी कारण विचारले. मी ते सांगितले.