ओळीतले सण आणि एक आवतन

त्या दिवशी सकाळपासून वारं सुटलं होतं. उन्हाळा अजून नीट लागला नव्हता, पण हवा कोरडीठाक. रस्त्यावरची धूळ उठायची, दुकानात शिरायची आणि बाहेर जायचं नाव घ्यायची नाही. धुळीसोबत कापसाचे पुंजके यायचे. चांगल्या वर्षी जिनिंगला जाणाऱ्या बैलबंड्यांतून एवढा कापूस सांडायचा, की आमच्या घाटंजीच्या रस्त्यावरच्या बाभळी पांढऱ्या व्हायच्या. त्या वर्षी इकडे एक पुंजका, तिकडे एक.

किस्से असेच साठतात. झटकला तर उडून जातो, कोपऱ्यात राहिला तर त्याला दुसरा येऊन चिकटतो. मी शाळेत गेलो नाही, सही तेवढी येते. हे मी बोलतो आहे आणि प्रणाली टाइप करते आहे. "बाबाजी, पुण्याच्या लोकांले समजलं पाहिजे," म्हणून ती माझ्या बोलण्याला थोडी इस्त्री मारते. सुरकुती राहिली तर ती माझी.

प्रणाली म्हणजे आमच्या ओळीतल्या वसंता टेलरची सून. नागपूरला कॉम्प्युटर शिकून आलेली. त्या वाऱ्याच्या दिवशी तिनं आम्हाला गोळा केलं. आमची ओळ म्हणजे बाजाराच्या रस्त्यावरची चार दुकानं. वसंताचं टेलरिंग, सिंधूबाईच्या बांगड्या, नामदेवच्या फोटो फ्रेमा, आणि माझं बैलांच्या साजाचं दुकान. झुली, घुंगरमाळा, कासरे, शिंगांना लावायचं बेगड. ओळीच्या टोकाला तुकारामची बैलबंडी उभी असायची. जिनिंगला कापूस वाहायचं त्याचं काम. दुकानामागं माझी राहायची खोली, आणि खोलीला लागून तुकारामचा गोठा. मधली भिंत एकच.

ती वर्षं अशी होती, की भाव आला तर कापूस नाही, आणि कापूस आला तर भाव नाही. शेतात नाही तर बाजारात कुठून येणार? प्रणाली म्हणाली, "आपण ओळीचा ब्लॉग काढू. दर सणाच्या आधी एका दुकानानं काहीतरी सांगायचं. विकायचं नाई, फक्त सांगायचं. गावचे लोक बाहेरगावी बसून वाचतीन."

वसंता म्हणाला, "विकायचंच नाई, तर सांगायचं कायले?"

"आतापर्यंत विकूनच राह्यले ना मामाजी, मंग बसले काहून?"

मग सण वाटून घेतले. माझ्या वाट्याला पोळा आला. तो येणारच होता. माझा माल वर्षातून एकदाच खपतो. मागच्या दोन पोळ्यांचा साज खुंट्यांवर तसाच लोंबत होता. यंदाही नाही खपला, तर गाळा सोडून महागावला लेकीकडे जायचं, असं मी ठरवलं होतं आणि साऱ्या ओळीला सांगूनही बसलो होतो.

*

पहिला सण गुढीपाडवा, तो वसंतानं मागून घेतला. सुनेला त्यानं सांगितलं, "लिही. माह्या आज्यानं इथल्या जमीनदाराले पाडव्यासाठी कोट शिवला होता. जमीनदार मेला, कोट आमच्याकडंच राह्यला. दर पाडव्याले आमी त्याची पूजा करतो."

आजा होता, एवढं खरं. तो गाद्या शिवायचा.

सुनेनं भरवशानं लिहिलं. पाडव्याच्या दिवशी अमरावतीची एक बाई, मूळची इकडचीच, गाडी करून कोट पाहायला आली. वसंता आत गेला. माळ्यावरून एक काळा कोट काढला, झटकला, त्याला हळदकुंकू लावलं आणि पाटावर मांडला. बाईनं चप्पल काढून नमस्कार केला. आम्ही सगळे खाली मान घालून उभे.

तेवढ्यात सिंधूबाईकडं बायकोसाठी बांगड्या घ्यायला आलेला एक म्हातारा ओळीतून पुढं आला. कोट निरखून पाहिला. बाही उलटी केली.

"वसंता," तो म्हणाला, "हा माह्या लग्नाचा कोट होय. काज-बटनं राह्यले म्हणून उद्या ये म्हणे तू. नातवाचं लगन झालं ना लेका."

अमरावतीच्या बाईनं चप्पल घातली. प्रणाली दोन दिवस सासऱ्याशी बोलली नाही. आणि वसंतानं त्या दिवशी काज-बटनं पुरी करून कोट देऊन टाकला. म्हाताऱ्याला तो आता गुडघ्यापर्यंत येत होता. माणूस आटतो, कोट आटत नाही.

*

सण वाटून घेताना आम्ही पाडवा धरला, राखी धरली, पोळा धरला. नामदेवला कोणी विचारलंच नाही. चौदा एप्रिल आला, निळे झेंडे लागले, मिरवणूक आमच्याच रस्त्यानं गेली. नामदेव पांढराशुभ्र सदरा घालून तिच्यात चालला. आम्ही दुकानात बसून पाहिलं. कोणाच्या ध्यानात आलं नाही की हाही सण आहे आणि हाही दुकानदार.

दुसऱ्या दिवशी प्रणालीच्या ध्यानात आलं. तोंड एवढंसं करून ती त्याच्याकडं गेली. "नामदेवकाका, तुमच्या सणाचं लिहायचं राहूनच गेलं."

नामदेव काच पुसत होता. म्हणाला, "राहू दे बेटा. माह्या सणाले गर्दी असते. जाहिरात तुमच्या सणाले लागते."

ओळीतल्या सगळ्या देवांना त्याच्याच हातच्या फ्रेमा होत्या. माझ्या गल्ल्यावरचा मारुती त्यानंच काचेत बसवला होता. त्या दिवशी मला मारुतीकडंही नीट पाहवेना.

पण माणूस मोठा. बुद्धपौर्णिमेच्या आधी आपणच प्रणालीला हाक मारली. म्हणाला, "लिही. माह्या बापानं दीक्षा घेतली, तवा घरातले देवांचे जुने फोटो उतरवले. फ्रेमा काही फेकल्या नाई. आजा म्हणे, फेक. बाप म्हणे, लाकडाचा काय दोष? त्यातच नवे फोटो लावले. तितूनच माह्या धंद्याची सुरुवात झाली."

तोवर ब्लॉगवर लोकांनी सगळ्यात जास्त वाचलं ते हेच. वसंता म्हणाला, "बुवा, याले तर कोट बी नाई लागला."

*

राखीला सिंधूबाईची पाळी. ती तोंडानं फटकळ, पण कामाला वाघ. तिनं लिहून घेतलं : बहिणींनो, तुमचा भाऊ दूर असेल तर नाव-पत्ता सांगा, राखी मी पाठवते. भावांनो, तुमची बहीण इथं जवळपास असेल तर मला सांगा, मी जाऊन तुमचा निरोप देऊन येते. खाली तिचा मोबाइल नंबर.

फोन आले. खूप आले. सिंधूबाई खूश. पण फोन सगळे भावांचे. एक म्हणे, ताईला सांगा, मला सुटी नाही. दुसरा म्हणे, सांगा, गाडी चुकली. तिसरा तर शेजारच्याच गावचा, तिथं गाडी कसली चुकते? म्हणे, सांगा, ताप आला.

ओवाळणीत टाकायला काही नव्हतं, हे कोणी बोललं नाही. सिंधूबाईनंही विचारलं नाही. घरोघरी गेली, सुटी सांगितली, गाडी सांगितली, ताप सांगितला. परत आली आणि पायरीवर बसली.

मी म्हटलं, "किती राख्या गेल्या वो?"

"राख्या आहे तशा आहे, दौलतभाऊ. निरोपच संपले."

पाणी प्यायली, मग हळूच म्हणाली, "ती तापवाल्याची बहीण म्हणे, त्याले सांगजा, ताप उतरला की ये. मले कापसाचा भाव माहीत आहे. म्या काई मागतलं होतं का त्याले?"

हा किस्सा ब्लॉगवर टाकायचा नाही, असं तेव्हा ठरलं होतं. आता त्या बहिणीला विचारून टाकला आहे.

*

मग पोळा.

पोळ्याला आठ दिवस होते. आभाळ रोज भरायचं आणि रोज तसंच निघून जायचं. प्रणाली म्हणाली, "बाबाजी, खुंटीवरचा साज कोण पायते? बैलाच्या अंगावर पाह्यजे." ओळीत बैल एकाचेच. तुकारामचे चांद्या आणि मोत्या. कापूस नाही म्हणून महिन्यापासून बंडी जागची हलली नव्हती.

तुकाराम मोजकं बोलणारा. मी विचारलं तर म्हणाला, "न्या ना भाऊ, बसूनच आहे." बैल मात्र त्यानं आपल्या हातानं धुतले, शेपटीच्या गोंड्यापर्यंत.

दुकानात होता नव्हता तो चांगला साज मी त्यांच्यावर चढवला. आरशांच्या झुली, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरमाळा. वसंता शिट्टी वाजवून म्हणाला, "माह्या लग्नात मी असा नोतो दिसत." सगळी ओळ हसली. किती दिवसांनी हसली.

प्रणालीनं मोबाइल धरला. "बाबाजी, ते आवतनाचं म्हणा ना. फोटोत तोंड हललेलं दिसू द्या."

आमच्याकडं पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्याला तूप-हळद लावून शेकतात. वर्षभर जू ओढून तिथं घट्टे पडलेले असतात. आणि त्यांच्या कानाशी म्हणतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी त्यांच्या तोंडात गेल्याशिवाय घरातलं कोणी जेवत नाही.

तुकाराम म्हणाला, "भाऊ, ते पोळ्याच्या आदल्या दिवशी म्हणतेत. उगाच म्हणू नाई."

मी म्हटलं, "फोटोपुरतं आहे गा."

वसंता म्हणाला, "बैलाले का कॅलेंडर समजते?"

मी वाटीत तूप घेतलं. चांद्याच्या खांद्याला लावलं, मोत्याच्याही खांद्याला लावलं. हाताखाली घट्टे लागले. वाकलो आणि म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." चांद्यानं कान हलवला. प्रणाली म्हणाली, फोटो मस्त आला.

मग मी साज उतरवायला लागलो. विकायचा माल, खराब व्हायला नको. चांद्यानं आपणहून मान खाली केली. साज घालताना मान खाली करायची त्याला सवय होती. काढून घेताना कशी करायची, हे त्याला ठाऊक नव्हतं. मी घुंगरमाळ ओढली, ती शिंगात अडकली. तुकारामनं पुढं होऊन सोडवली आणि माझ्या हातात दिली.

संध्याकाळी फोटो माझ्या नंबरासकट ब्लॉगवर गेला, आणि रात्रीचं जेवण होईपर्यंत माझा मोबाइल थांबला नाही. पहिला फोन पुण्याचा. केळापूरकडचा माणूस, आता मोठ्या फ्लॅटमध्ये राहतो. म्हणाला, "बाबा, फोटोत आहे तोच साज पाहिजे. हॉलच्या भिंतीवर लावायचा आहे. बैलाच्या अंगाचा वास आला तरी चालेल." मग नागपूर, मग औरंगाबाद. कोणाला भिंतीला, कोणाला हॉटेलात, कोणाला लेकीच्या लग्नातल्या गेटला. बैलासाठी एकानंही मागितला नाही. पण दोन पोळ्यांचा माल एका संध्याकाळी गेला. गाळा राहिला. महागाव टळलं. सकाळच्या एसटीनं पाठवायचं म्हणून मी पुण्याचं पार्सल बांधून ठेवलं आणि कितीतरी दिवसांनी शांत झोपलो.

सकाळी दार वाजलं. उघडलं तर अंगणात चांद्या आणि मोत्या. धुतलेले. अंगावर काही नाही, गळ्यात नुसते कासरे. तुकाराम मधे उभा, दोन्ही कासरे एका हातात धरून, डोक्याला धुतलेला दुपट्टा बांधलेला. ओळीच्या टोकाला, बंडी उभी राहायची त्या जागी, गुरांच्या व्यापाऱ्याचा टेम्पो उभा होता. फाळका उघडा, तळाला तणस पसरलेली. ड्रायव्हर बिडी ओढत घड्याळ पाहत होता.

घरात कालची एक भाकर होती. साज पार्सलमध्ये. मी दाराला धरून उभा राहिलो. म्हटलं, "तुकाराम, पोळ्याले तं अजून सात दिवस आहे."

तुकारामनं टेम्पोकडं पाहिलं. मग चांद्याच्या खांद्यावर, जिथं माझं तूप अजून चमकत होतं, तिथं हात ठेवला आणि म्हणाला,

"आवतन तुमी काल देल्लं, भाऊ. पोळ्याले मी कोणाले घेऊन येऊ?"