रँचवरचा नारिंगी पक्षी

नव्वदच्या दशकात मी अमेरिकेत, ॲरिझोनातल्या चँडलरला नोकरीला होतो. आपल्या हळद्यासारखाच, पण नारिंगी असा एक पक्षी मेक्सिकोकडून वाट चुकून वाळवंटातल्या एका रँचवर, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या शेतावर, उतरलाय, असं मित्रानं फोनवर सांगितलं. शनिवारी सकाळीच मी ड्राइव्ह करत तिथे पोचलो.

फाटकावर ‘आत येऊ नये’ अशी पाटी होती. पलीकडे म्हातारा रँचमालक गुरांसाठी बादलीनं पाणी वाहत होता. पक्षी बघायला आत येऊ का, असं मी भीत भीत विचारलं. त्यानं निमूटपणे कुलूप काढलं आणि लांबच्या काटेरी झाडाकडे बोट केलं.

“पंप बंद ठेवलाय,” तो हळू आवाजात म्हणाला. “आवाजानं उडून जायचा.”

“तुम्ही पाहिलात?”

“छे! बिचकेल म्हणून मी तिकडे फिरकलोच नाही.”

मी माझी दुर्बीण त्याच्या हातात दिली. तेवढ्यात पक्षी उन्हात आला आणि फांदीवर निखारा फुलावा तसा दिसला. म्हाताऱ्यानं एका हातानं हॅट काढून छातीशी धरली.

“एवढं वाळवंट पसरलंय,” तो पुटपुटला, “आणि त्यानं माझं झाड निवडलं.”

दुर्बीण परत मागायचं माझ्या मनातही आलं नाही. मी नुसत्या डोळ्यांनीच पाहत राहिलो. पक्षी ठिपक्याएवढाच दिसत होता, तरी अंगावर काटा आला.