अंदाजे की नक्की

हाटकेश भागातल्या एका गाळ्यात आमचं सॉफ्टवेअरचं ऑफिस होतं, तेव्हा एक मॅडम माझ्या शेजारी बसायच्या. किती वाजले असं विचारलं, तरी त्या आधी म्हणायच्या, "अंदाजे सांगू की नक्की?" माझं डोकंच फिरायचं.

आमचं काम दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधले पॉइंटर तपासायचं. पॉइंटर म्हणजे मेमरीतला पत्ता लिहिलेली चिठ्ठी. पत्ता चुकला की प्रोग्रॅम मध्येच बंद पडतो. ऑफिस साडेदहाला उघडायचं, बारीक तपासणीला सहा तास लागायचे आणि रोज दुपारी दोनला लाइट जायची, म्हणजे ही तपासणी कधी पुरीच व्हायची नाही. घाईची तपासणी पाच मिनिटांत व्हायची, पण निम्म्या चिठ्ठ्यांवर संशय घ्यायची.

एका गिऱ्हाइकाचा प्रोग्रॅम तीन महिने बंद पडत होता. त्या सकाळी मॅडमनी आधी घाईची तपासणी लावली.

"मॅडम, ती उगाच संशय घेते," मी म्हणालो.

"घेऊ दे ना. पण जिला सोडते, ती चिठ्ठी चांगलीच असते. तेवढ्या बाजूला काढू. उरलेल्याच बारीक बघू."

दोनला दहा मिनिटं असताना प्रिंटर करकरला. कागद मॅडमच्या हातात आला आणि लाइट गेली. शटरखालून येणाऱ्या उजेडात आमचे साहेब धावत आले.

"मॅडम, चूक कुठे आहे?"

मी सवयीने मॅडमच्या 'अंदाजे की नक्की?'ची वाट बघत होतो.

"चारशे बाराव्या ओळीत," मॅडम म्हणाल्या आणि डबा उघडून जेवायला बसल्या.